गजराबाई हसली

माझ्या सुनेनं माझा मोकळ्या केसांचा फोटो त्रेचाळीस माणसांना पाठवला, त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही.

न्हाऊन मी गॅलरीत केस वाळवत बसले होते. तोंडात दोन आकडे, पदर खांद्यावर गोळा झालेला. समोर ही मोबाइल धरून उभी. आकडे तोंडातून काढून मी दोन शब्द बोलेपर्यंत फोटो काढून झाला होता, आणि गुवाहाटीहून विट्याला पोचलाही होता.

"तृप्ते, काय गं हे?"

"काही नाही, आत्याबाई. सकाळचा फोटो."

"मी काय देवळाचा कळस हाय, सकाळी सकाळी दर्शन द्यायला?"

"रोजचाच आहे. कोण बघतंय एवढं!"

"त्रेचाळीस जण बघत्यात. माझी जाऊ बघती. चाळीस वर्षांत तिनं मला अंबाड्याशिवाय बघितलं न्हाई. आज तिची हौस फिटली."

ही हसली आणि आत गेली. लग्न होऊन सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत एक सकाळ फोटोशिवाय गेली नव्हती. 'मोहिते परिवार' म्हणून मोबाइलवर आमच्या भावकीचा ग्रूप होता, त्यात हिचे वडीलही होते. त्यावर ही रोज काहीतरी टाकायची. चहाचं आधण. वाळत घातलेल्या चिंध्या. मी डोळे वटारून मिरच्या निवडताना. एकदा तर करपलेली भाकरी टाकली. आम्ही भाकरी करपली तर गुपचूप कुत्र्याला घालायचो. ही त्रेचाळीस घरांत वाढून आली.

बरं, फोटो तरी धड काढावा? माणूस एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी भिंत.

"एवढी भिंत कशाला? रंग बघायचाय का लोकांना?" मी विचारायची.

"असू दे, आत्याबाई," एवढंच उत्तर.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. पण त्या वैशाखातले ते नऊ-दहा दिवस मला कालच्यासारखे आठवतात, कारण त्या दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडघशी पडले.

आमचं गाव विट्याजवळचं. आमच्याकडचे निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात. सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, ती गलाई. त्या धंद्यापायी आमची माणसं देशभर पांगली, आणि माझे मालक मला घेऊन गुवाहाटीला आले. मालक गेल्यावर भट्टी माझ्या जालिंदरनं धरली आणि जालिंदरला मी. आमच्या घरमालकिणीच्या, बरुआबाईच्या, आवारात पुढं दुमजली पक्की इमारत होती. खाली भट्टी, वर आमच्या दोन खोल्या. बरुआबाई शेजारच्या घरात राहायची. मागं सुपारीच्या झाडांत तिच्या सासऱ्याच्या वेळचं एक घर रिकामं पडलेलं. खाली विटांचं जोतं, वर लाकडी चौकट, मधे काड्यांचा कूड मातीनं लिंपलेला, डोक्यावर पत्रा. त्या मुलखात जुनी घरं अशीच बांधतात, कारण तिथं जमीन हलते.

हो, हलते. वर्षातून चार-पाच वेळा तरी हलते. भट्टीतल्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, बरण्या आम्ही वाळूच्या खड्ड्यात ठेवायचो. जड पातेली खालच्या फळीवर. हलायला लागलं की हात आधी गॅसकडं आणि मग पाय जिन्याकडं. खाली बरुआबाई शंख फुंकायची आणि जिभेनं उलूलू करायची. भूकंप आला की तिथल्या बायका असंच करतात. जालिंदर मला दरवर्षी म्हणायचा, "आई, मागच्या घरात राहायला जाऊ. हलकं हाय, पडलं तरी लागायचं न्हाई." मी म्हणायची, "माझ्या मालकानं मला पक्क्या भिंतीत आणलं. मी कुडाच्या घरात जायची न्हाई. गावाकडं कळलं तर काय म्हणतील, मोहित्याची बायको झोपडीत ऱ्हाती?"

आता खरी गोम सांगते. जालिंदर बत्तीस वर्षांचा होईस्तोवर अकरा ठिकाणांहून नकार आला. मुलगा चांगला, घर चांगलं, पण 'लांब हाय.' बाराव्या घरी, विट्यात, तृप्तीला बघायला गेलो. तिचे वडील रंगराव देसाई, मूळचे पाटण भागातले, गुरांच्या दवाखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. आई नाही, एकुलती एक पोरगी. त्यांनी शेती विचारली नाही, सोनं विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "विहीणबाई, एकच विचारतो. तिकडं भूकंप होत्यात म्हणं?"

जालिंदरनं माझ्याकडं बघितलं. मी जालिंदरकडं बघितलंच नाही.

"बावीस वर्षं ऱ्हाते मी तिथं," मी म्हणाले. "पेल्यातलं पाणी हलल्यालं बघितलं न्हाई."

लग्न ठरलं.

तर वैशाखातला तो मंगळवार. सकाळचे सव्वासात वाजले असतील. मी भाकरी थापत होते, तृप्ती चहा गाळत होती. आधी वाटलं, खाली ट्रक आला. मग तवा शेगडीवरून स्वतःच चालायला लागला. तृप्तीनं गॅस बंद केला, माझ्या दंडाला धरलं आणि मला जिन्यातून जवळजवळ उचलूनच खाली आणलं. माझ्या हातात अर्धी थापलेली भाकरी तशीच. आवारात जालिंदर उघडाबंब, बरुआबाई गाऊनवर, शंख तोंडाला. सुपारीची झाडं दारू पिऊन आल्यासारखी डुलत होती. पुष्कळ वेळ हललं. इतकं माझ्या बावीस वर्षांत कधी हललं नव्हतं.

थांबल्यावर वर गेलो. मसाल्याचे डबे जमिनीवर, हळद-तिखटाची रांगोळी. पलंगावर गिलाव्याचा ढीग. आणि बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून ट्यूबलाइटपर्यंत भेग. माझं बोट आत जाईल एवढी.

आमच्यातल्या कुणाला लागलं नव्हतं. भाकरीसकट मी देवाला हात जोडले. डोळे उघडले तर तृप्तीनं मोबाइल त्या भेगेवर धरलेला.

"ठेव खाली!"

"आत्याबाई, आजचा फोटो राहिलाय..."

"ह्याचा? तुझ्या बापाला हार्ट अटॅक आणायचाय व्हय?"

तेवढ्यात रंगरावांचाच फोन आला. टीव्हीवर बातमी लागली होती. तृप्ती बोलायच्या आत मी मोबाइल ओढून घेतला.

"पाव्हणं, आसाम केवढं मोठं हाय! साताऱ्यात पाऊस झाला म्हणून सोलापूर भिजतं का?"

"म्हंजे तुमच्याकडं कायच न्हाई?"

"भाकरी थापतीया मी इथं." हे खरं होतं, भाकरी अजून हातातच होती.

फोन ठेवला आणि मी कामाला लागले. फोटोला नावं ठेवणारी मी, त्या दिवशी फोटोवाली झाले. पेटीतली ठेवणीतली सोलापुरी चादर काढली, लाल मोरांची. जालिंदरला दोन खिळे ठोकायला लावून ती भेगेवर टांगली. पुढं खुर्ची, स्टुलावर चहा.

"काढ."

"काय काढू?"

"फोटो! सात महिनं नको तवा काढलेस. आता काढ म्हणते तर विचारतीस?"

तृप्ती म्हणाली, "आत्याबाई, मग रोज बसता तशा तरी बसा."

"रोज मी रागात असते. आज मी मजेत हाय, असं दिसाय पायजे." आणि मी हसले. दात दाखवून हसले. जबडा दुखेपर्यंत हसले.

जालिंदर म्हणाला, "आई, भीती वाटतीया."

"भूकंपाची?"

"न्हाई. तुझी."

त्या दिवशी पाच फोटो पाठवले, दुसऱ्या दिवशी चार. मी चहा पिताना. मी लसूण सोलताना. मी आणि तृप्ती गळ्यात गळा घालून. सगळे चादरीपुढं आणि सगळ्यांत मी हसतेय. अधूनमधून लहान हादरे चालूच होते. एक फोटो काढताना तर खुर्ची हलली, पण मी हसू सोडलं नाही. गावाकडून उत्तरं यायला लागली. जावेनं लिहिलं, 'गजराबाई बऱ्या हायत न्हवं?' पुतण्यानं लिहिलं, 'काकू, काय झालंय खरं सांगा.' मला वाटलं, जळतात.

रंगरावांचं मात्र काहीच आलं नाही. बुधवारपासून त्यांचा फोन बंद.

शनिवारी दुपारी खाली रिक्षा थांबली. तृप्ती गॅलरीतून वाकली आणि ओरडली, "अण्णा!"

रंगराव उतरत होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शेंगांचं पोतडं, डोळे लाल. तीन दिवस, दोन गाड्या, त्यातली एक रात्र दाराजवळ बसून. जिना चढताना त्यांनी दोनदा भिंतीला हात टेकला. दारात लेकीला बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग माझ्याकडं वळले.

"विहीणबाई, बऱ्या हाय?"

"मला काय धाड भरली? न सांगता आलात, पाव्हणं!"

"सांगून आलो असतो तर चादर धुऊन टांगली असती," ते म्हणाले.

मी ऐकलं न ऐकलं केलं. त्यांना त्या चादरीपुढंच बसवलं, म्हणजे भिंतीकडं त्यांची पाठ राहील. झुणका-भाकरी वाढली. माणूस उपाशी असला की प्रश्न कमी विचारतो, हे मला पक्कं ठाऊक. शेगडीवर दुसरी भाकरी. तृप्ती एका हातानं भाकरी उलटत होती, दुसऱ्या हातात मोबाइल.

"अण्णा, इकडं बघा. घास तोंडात असू दे."

आणि आला.

मोठा नव्हता. आठ मोजेपर्यंतचा. पण बल्ब झोक्यासारखा हलला, ताटातली वाटी सरकत जाऊन पेल्याला लागली. तृप्तीचा एक हात गॅसच्या बटणावर गेला, दुसऱ्या हातानं तिनं फोटो काढला. मी जागेवरच. माझा जीव भूकंपात नव्हता, पाव्हण्यांच्या तोंडाकडं लागलेला.

रंगरावांनी घास गिळला. डोळे मिटले, एक हात जमिनीवर टेकला.

"अजून गाडीतच हाय मी," ते म्हणाले. "तीन दिवस डब्यात बसलो न्हवं. उतरलो तरी अंगातनं गाडी जाईना. उतरल्याधरनं असंच हलतंय."

मी तृप्तीकडं बघितलं. तृप्तीनं माझ्याकडं. माझा विश्वास बसेना. देव एवढा माझ्या बाजूनं कधीच नव्हता.

खाली शंख वाजला.

"ही काय वाजवाय लागली?"

"बरुआबाई. पूजा हाय तिची."

"भर दुपारी?"

"तिच्या देवाला वेळ नसती."

जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि जालिंदर दारात आला. "आई, सगळी ठी..." माझा डोळा बघितला आणि म्हणाला, "...ठीक शिजलंय न्हवं? राम राम, अण्णा. कधी आलात?" आणि चौकट धरून तिथंच उभा राहिला.

रंगराव मात्र सैल झाले होते. पाणी प्यायले. खरकटे हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, माझं चुकलं. तुम्ही शब्द दिला होता. मी मनात संशय धरून एवढ्या लांब आलो. गाडीतनं उतरून दोन तास झालं, कुठं हाय भूकंप? उगाच म्हाताऱ्यावानी घाबरलो. मला माफ करा."

खरं सांगते, मला लाज वाटली नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. "असू द्या हो," मी म्हणाले. "लेकीच्या बापाचं काळीज असतंयच तसं. आणखी अर्धी घ्या."

आणि त्यांच्या खिशात मोबाइल वाजला.

त्यांनी डावा हात धोतराला पुसला, चष्मा लावला. गुरांच्या दवाखान्यातला माणूस, लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचायची सवय. "मोहिते परिवार. तृप्ती." मग सावकाश, एकेक शब्द: "अण्णांचा... पहिला... भूकंप. अण्णांना... कळलाच नाही."

शेगडीवरची भाकरी गॅस बंद झाल्यानं अर्धी कच्चीच राहिली होती.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मीही वाकून बघितलं. फोटोत रंगराव, गाल फुगलेला, डोळे मिटलेले. वर बल्ब आडवा झालेला. मागं एका बाजूचा खिळा निसटून चादरीचं टोक खाली आलेलं, आणि त्या फटीतून भेग दिसत होती. रंगरावांनी मान मागं वळवली. चादर खरंच लोंबत होती. धक्क्याच्या नादात आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. ते उठले, दुसरा खिळाही काढला, चादर घडी करून खुर्चीवर ठेवली आणि भेगेवरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला.

"मंगळवारची?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"कोयनेचा झाला तवा मी आठ वर्षांचा होतो," ते भिंतीशीच बोलत होते. "अक्का माझ्या शेजारी झोपायची. माझी थोरली बहीण. दगडाची भिंत होती आमची, दोन हात रुंद. बा म्हणायचा, हत्ती आला तरी पडायची न्हाई. अक्काच्या अंगावर पडली. माझ्या अंगावर न्हाई. आमच्या दोघांत एक गोधडी होती, बस्स."

मला हे ठाऊक नव्हतं. कसं ठाऊक असणार? त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि तो का, हे विचारायला मी थांबलेच नव्हते.

"मी शेती विचारली न्हाई, विहीणबाई. एकच विचारलं होतं."

"पण तुम्ही इश्वास ठेवलात न्हवं?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"ठेवला की. शब्दावर पोरगी दिली. पण झोप काय शब्दावर येती का? म्हणून हिला सांगितलं होतं, रोज सकाळी एक फोटो टाक. कशाचापण टाक, पण मागं भिंत दिसाय पायजे. भिंत दिसली की मी चहा घ्यायचो. सात महिनं रोज बघितली. मंगळवारी भिंत गेली आन् चादर आली." मग पहिल्यांदा त्यांचे डोळे माझ्यावर आले. "आन् त्यात तुम्ही हसताय. सबंध विट्यात कालवा झाला, गजराबाई हसली, गजराबाई हसली, काहीतरी इपरीत घडलंय. मग मी थांबतोय व्हय?"

जालिंदरला हसू आवरेना, म्हणून त्यानं तोंड चौकटीकडं फिरवलं. मला ते दिसलं. पुढं महिनाभर मी त्याचं उट्टं काढलं.

रंगराव वळले. "तृप्ते, बॅग भर. संध्याकाळची गाडी हाय."

तृप्ती शेगडीपाशीच उभी. "अण्णा, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"इथं भूकंप होतात ते. लग्नाआधीच. बघायला आले होते ना, तेव्हा तुम्ही आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलंत. ह्यांनी पहिलं वाक्य तेच बोललं." ती जालिंदरकडं बघायला लागली. "म्हणाले, आईनं खाली खोटं सांगितलंय. तिकडं दोन गोष्टींची सवय करावी लागंल. एक जमीन हलती. दुसरी आमची आई."

"जालिंदर!" मी ओरडले.

जालिंदर जमिनीत शिरायला जागा शोधत होता.

"आन् हे ऐकून तू हो म्हणालीस?" रंगराव म्हणाले.

"अण्णा, मला बघायला सहा जण आले. पाच जणांनी सगळं चांगलंच सांगितलं. नोकरी चांगली, फ्लॅट चांगला, स्वभाव चांगला. वाईट काय आहे ते आधी सांगणारे हे एकटेच. मी मनात म्हटलं, हा माणूस मला फसवायचा नाही."

रंगराव खाली बसले. पुढ्यातल्या ताटाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आत्ताचा... खरंच भूकंप होता?"

"होता, अण्णा."

"आन् मी झुणका खात होतो?"

"दोन घास खाल्ले तुम्ही तेवढ्यात."

पन्नास वर्षं ज्याला भ्याले, तो येऊन पाठीमागून गेला आणि ह्यांना पत्ता नाही. त्यांचा चेहरा कसा झाला, मला सांगता यायचं नाही. हसावं का काय करावं, त्यांना कळेना. थोडंसं हसले. मग परत कपाळाला आठी.

"हा बारका होता, पोरी. मोठा आला तर?"

तृप्तीनं माझ्याकडं बघितलं. जालिंदरनं मान खाली घातली. प्रश्न तिला विचारला होता, पण तो माझा होता. लग्नाआधीचाच प्रश्न, मी चुकवलेला.

"येईल," मी म्हणाले. "कधी ते मला ठाऊक न्हाई, पाव्हणं, पण येईल. वर्षाला चार-पाच बारके येत्यात. पेल्यातलं पाणी हलतं, पेलापण हलतो. ही भिंत दुसरा मोठा सोसायची न्हाई, हे मला मंगळवारीच दिसलं, आन् मी तिच्यावर मोर टांगलं."

असं बोलायची मला सवय नव्हती. पाणी प्यायले आणि पुढचं बोलून टाकलं, कारण थांबले असते तर बोलले नसते.

"जालिंदर, बरुआबाईला सांग. मागचं घर आपल्याला पायजे. आजच."

"कुडाचं?" जालिंदरला वाटलं, मला भोवळ आली.

"व्हय, कुडाचं. बहिरा झालास का?"

रंगराव म्हणाले, "आधी मी बघतो."

आम्ही सगळे मागं गेलो. बरुआबाईनं कुलूप काढलं. रंगराव आत शिरले आणि म्हशीचं पोट तपासावं तसं त्या घराला तपासायला लागले. इथं थोपट, तिथं बोट मार, कान लाव. लाकडी चौकट हलवून बघितली. कुडावर तळवा ठेवून दाबला. कूड जरासा आत गेला आणि परत बाहेर आला.

"ही अंगावर पडली तर?" त्यांनी मला विचारलं.

"पडली तर झटकून उठायचं."

त्यावर मात्र ते हसले. पोट धरून हसले. बरुआबाईला काही कळलं नाही, पण तीही हसली.

ते पाच दिवस राहिले. धोतर खोचून त्यांनी लेकीबरोबर कूड लिंपला, पत्र्याला दोन ठिकाणी डांबर लावलं, माझी जड पेटी जावयाबरोबर उचलून आणली. एकदा बारका हादरा आला. तो त्यांना कळला, आणि सगळ्यांच्या आधी आवारात जाऊन उभे राहून त्यांनी आम्हालाच दम दिला, की यायला उशीर का? माझ्या जावेनं ग्रूपवर लिहिलं, 'गजराबाई झोपडीत गेल्या म्हणे.' मी तृप्तीकडून उत्तर लिहून घेतलं: 'तुमच्या माडीपेक्षा आमची झोपडी जास्त दिवस टिकंल.'

गुरुवारी रंगराव निघाले. तिकीट एकच काढलं होतं. रिक्षात बसताना मला म्हणाले, "विहीणबाई, पोरगी ठेवून चाललो. ह्या वेळी शब्द मागत न्हाई."

"मागू नकाच," मी म्हणाले. "मी द्यायची न्हाई."

रिक्षा वळणाआड गेली. जालिंदर भट्टीकडं गेला. तृप्ती डोळे पुसत नव्या घराच्या पायरीवर बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिला वाटलं, आता माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार. पाच दिवस पाव्हणे होते म्हणून मी गप्प होते, हे तिलाही ठाऊक होतं. बापासमोर सासूला खोटं पाडलं, लग्नाआधीपासून नवऱ्याशी संगनमत करून मला सात महिने हसत बसली.

"चुकलं का माझं, आत्याबाई?" तिनं विचारलं.

मी पदर खोचला.

"तृप्ते, ऐक. तू आगाऊ हायस, लबाड हायस, आन् माझ्यापेक्षा शहाणी हायस. पहिल्या दोन गोष्टी मी रोज ऐकवीन. तिसरी आज बोलले, परत बोलायची न्हाई. ऊठ, चहा ठेव."